चहाआधीचा होकार

आत्याबाई तिसऱ्यांदा पळाल्या तेव्हा त्या थेट अधीक्षकांच्या खोलीत गेल्या, त्यांच्या खुर्चीत बसल्या, त्यांचा डबा उघडून जेवल्या आणि जे आवडलं नाही ते टेबलावरच्या फायलींमध्ये नीट लपवून ठेवलं. अधीक्षक हात धुऊन परत आले तर खुर्चीत त्यांचाच चष्मा लावून कोणीतरी बसलेलं. आपली बदली झाली आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही, असं त्यांना क्षणभर वाटलं म्हणे.

आत्याबाई म्हणजे माकडीण. नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं, स्वतःच्या थोरल्या बहिणीवरून. बहिणीला हे ठाऊक नाही. मी सून म्हणून घरात आले तेव्हा मला आधी ही गोष्ट सांगून गप्प राहण्याची शपथ घालण्यात आली आणि मग स्वयंपाकघर दाखवण्यात आलं.

सासरे, म्हणजे बाबा, प्राणिसंग्रहालयाच्या बागेत माकडांची देखभाल करतात. जन्म गेला त्यांचा त्यात. आत्याबाई म्हातारी, दात कमी आणि राग जास्त, त्यामुळे तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलेलं. बाबा तिचा पिंजरा झाडून बाहेर येतात, दार ओढून घेतात आणि मोठ्याने म्हणतात, "आत्याबाई, दार लावलं हो!" हे ते रोज म्हणतात. आत्याबाई ऐकून घेतात आणि पाठ फिरवतात.

आता बाबांबद्दल खरं सांगायचं तर विसरभोळेपणात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी हरवलेल्या छत्र्या एकत्र केल्या तर एक दुकान निघेल. चष्मा डोक्यावर असताना त्यांनी घरभर शोधलाय, आम्हालाही शोधायला लावलाय. एकदा ते बाजारात गेले आणि सांगितलेल्या सगळ्या भाज्या बरोबर घेऊन आले. फक्त सोबत नेलेला मुलगा तिथेच राहिला. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. तो ही गोष्ट अजून विसरलेला नाही, आणि बाबांचा विषय निघाला की त्याच्या बोलण्यात कुठूनतरी तो भाजीबाजार येतोच.

त्यामुळे माकडीण पहिल्यांदा सुटली तेव्हा कोणी फार विचार केला नाही. "बाबा दार लावायला विसरले," सगळे म्हणाले. बाबाही म्हणाले, "विसरलो असेन बुवा." दुसऱ्यांदा अधीक्षकांनी समज दिली. तिसऱ्यांदा डबा गेला, आणि डबा म्हटल्यावर प्रकरण गंभीर झालं. अधीक्षकांनी सांगितलं, "आणखी एकदा ते दार उघडं सापडलं, तर तुम्ही माकडांकडे जायचं नाही. तिकिटाच्या खिडकीत बसायचं."

पूर्वी त्या दाराला साधी लोखंडी कडी होती. जगातल्या बाकी सगळ्या वस्तू बाबांनी हरवल्या, पण त्या कडीतून कधी शेपूटसुद्धा बाहेर आलं नाही. मग बागेला आधुनिक व्हायची हौस आली आणि दारांना विजेची कुलपं बसली. दार ओढून घेतलं की आतला बोल्ट आपोआप बाहेर येऊन अडकतो. उघडताना कार्ड दाखवायचं, मग कुलपातल्या कॉइलला वीज मिळते आणि बोल्ट आत सरकतो. वीज गेली तरी बोल्ट अडकलेलाच राहतो.

ही कुलपं कोणी बनवली? आमच्या कंपनीने. आणि कंपनीतून बाहेर पडणारं प्रत्येक कुलूप तपासून त्याच्यावर शिक्का कोण मारतं? मी.

अधीक्षकांनी तक्रार केली तेव्हा पिंजऱ्याच्या कुलपाचा बोर्ड, म्हणजे कुलूप चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी, काढून कंपनीत आणला गेला आणि दाराला तोवर जुनी कडी लावली. मी दिवसभर त्याच्या मानगुटीवर बसले. वीज दिली, काढली, पुन्हा दिली. कार्ड दाखवलं, चुकीचं कार्ड दाखवलं, माझं वाचनालयाचं कार्ड दाखवलं. बोर्ड हूं की चूं करेना. माझ्या मनात होतं की कुलूप बिघडलेलं निघावं, देवाच्यान. तपासणी करणाऱ्या बाईने असं म्हणायचं नसतं, पण म्हटलं. कुलूप ठणठणीत होतं. कंपनीच्या साहेबांनी बागेला कळवून टाकलं, यंत्रात दोष नाही, चूक माणसाची आहे.

संध्याकाळी मी बाबांना कसं सांगू या विचारात चपला काढत होते, तर तेच पुढे आले.

"तू स्वतः तपासलंस ना?"

"हो बाबा."

"मग झालं की. तू तपासलंस म्हणजे बरोबरच असणार." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मला बघवेना. नवऱ्याने बाबांच्या जुडग्यातून घराची किल्ली काढून घेतली. "तुम्हाला उगाच ओझं," म्हणाला. सासूबाई बाबांच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण हुंगायला लागल्या. आणि बाबा स्वतःच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, दाराचं कुलूप ओढून बघायचे, पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. पूर्वी काही विसरलं की सगळ्यांत आधी तेच हसायचे. आता विसरलं की हाताकडे बघत बसायचे. एकदा मी चहा दिला तर म्हणाले, "सूनबाई, मी घेतला ना आत्ता? की नाही घेतला?" घेतला नव्हता. पण असा प्रश्न त्यांनी त्याआधी कधी विचारला नव्हता.

"तिकिटाच्या खिडकीत तरी कशाला बसवता," ते एक दिवस जेवताना म्हणाले. "घरीच बसतो. आज माकडाचं दार विसरलो, उद्या वाघाचं विसरलो तर?"

सासूबाईंनी त्यांच्या पानात आमटी वाढली. नवरा म्हणाला, "बघू." तो बघू म्हणाला की त्याने ठरवलेलं असतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी सकाळी चहा होईपर्यंत माणसात नसते. डोळे उघडे असतात, पाय जमिनीवर असतात, कधी कधी दातही घासून झालेले असतात, पण आत कोणी नसतं. या वेळात मला काहीही विचारलं की मी "हं" म्हणते. हे "हं" माझं नव्हे, ते आपोआप निघतं. माझ्या या सवयीचा घरात सर्रास फायदा घेतला जातो. अशा "हं"मधून मी आजवर एक मोडका सोफा घरात येऊ दिलाय, नवऱ्याच्या मित्राचं कुत्रं सांभाळलंय आणि बैठकीच्या एका भिंतीला जांभळा रंग मान्य केलाय. ती भिंत अजून तशीच आहे. पाहुणे येतात, बघतात आणि दुसऱ्या विषयावर बोलतात.

तर त्या दिवशी चहाचा पहिला घोट पोटात गेला, डोक्यात हळूहळू उजेड व्हायला लागला आणि नवरा सहज म्हणाला, "मी अधीक्षकांना फोन करून टाकतो. बाबा पुढच्या आठवड्यापासून येणार नाहीत म्हणून."

"कोणी ठरवलं?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण?"

"अगं, मघाशी विचारलं ना तुला. तू हं म्हणालीस."

"मघाशी कधी?"

"तू पलंगावर बसली होतीस. चप्पल शोधत होतीस."

"मी जागी होते का?"

"डोळे उघडे होते की."

"डोळे उघडे असले म्हणजे जागी?" माझा आवाज चढला. सासूबाई आतून डोकावल्या. "माझा मेंदू उठायच्या आधी माझं तोंड हं म्हणतं, हे तुला लग्नापासून माहीत आहे! कोणी नाही म्हणायला जाग्यावर नसतं, म्हणून ते हो म्हणून मोकळं होतं! आणि तू नेमका त्याच वेळी येऊन..."

मी थांबले. नवऱ्याने पुढच्या शब्दांची वाट बघितली. भांडणात मी मध्येच थांबते असं कधी झालेलं नाही, त्यामुळे तो घाबरला.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बाबा!" मी ओरडले. "आत्याबाई सुटल्या त्या दिवशी बागेतली वीज गेली होती का?"

बाबा बाहेर चपला घालत होते. त्यांचा चेहरा आधी उजळला. "पंखा बंद पडला होता बहुतेक. मी फळं चिरत होतो, तेव्हा..." आणि मग तो चेहरा विझला. "नको, सूनबाई. मला नको विचारूस. मी काहीतरी भलतंच सांगेन."

ऐकून मला असा राग आला की काय सांगू. कोणाचा आला ते मलाही कळेना, म्हणून तो नवऱ्यावर काढला. "फोनला हात लावायचा नाही," मी म्हटलं, आणि उरलेला चहा तसाच ठेवून निघाले. मी चहा टाकून गेले हे सासूबाई अजून शेजारी सांगतात.

वाटेतूनच मी बागेतल्या वीजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "जाते की वीज. मीच घालवतो. जनरेटर चालतो का बघायला घालवावीच लागते ना! आठवड्यातून एकदा, आठवेल त्या दिवशी. मिनिटभरात परत देतो." कोणत्या दिवशी घालवली ते विचारलं, तर अधीक्षकांच्या डब्याचा दिवस त्याला पक्का आठवत होता. जनरेटर सुरू करून तो हात पुसत होता आणि आत्याबाई त्याच्यासमोरून चालत गेल्या होत्या.

आमच्या बोर्डावर तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक मेंदू, म्हणजे ती छोटी चिप, जी कार्ड ओळखते आणि हुकूम देते. एक कॉइल, जी बोल्ट आत ओढते. आणि दोघांच्या मध्ये एक लोड स्विच, म्हणजे विजेचा दरवानच. मेंदू म्हणाला "सोड", की तो कॉइलकडे वीज सोडतो. मेंदू "नको" म्हणाला की अडवतो. आता वीज जाऊन परत आली की हे तिघे एकदम उठत नाहीत. दरवान आणि कॉइल टुणकन उठतात. मेंदूला मात्र वेळ लागतो, माझ्यासारखाच. तेवढ्या वेळात मेंदूकडून दरवानाकडे येणारी तार नुसती लोंबकळत असते. तिच्यावर कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आणि वीज एकदम चढते ना, तेव्हा तिचा थोडा अंश त्या तारेवर उडतो. दरवानाला वाटतं, आला हुकूम!

मग हे माझ्या टेबलावर का दिसलं नाही? त्या दिवशी मी शंभरदा वीज घालवून दिली होती. ऑफिसात पोचले, टेबलासमोर उभी राहिले आणि माझी नजर केबलवर गेली.

तपासणीच्या टेबलावर एक करडी केबल आहे. ती कॉम्प्युटरमधून निघते आणि बोर्डाच्या मेंदूत शिरते, म्हणजे मेंदूत काय चाललंय ते आम्हाला पडद्यावर दिसतं. तिची पिन सैल आहे. एकदा निघाली की पुन्हा बसवताना अर्धा दिवस जातो, आणि बसवणारा वैतागून घरी जातो. म्हणून तिला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. बोर्ड बदलायचा तरी केबल धरून ठेवून खालून बोर्ड सरकवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. सगळ्यांचे हात त्यात बसलेत. आणि त्या केबलमधून मेंदूला कॉम्प्युटरची वीज कायम मिळत असते. बोर्डाची वीज मी घालवत होते, मेंदू मात्र टक्क जागा राहून माझी गंमत बघत होता.

मी केबलला हात घातला.

"ए! ए! केबल नाही काढायची!" पलीकडून पंडित धावत आला. पंडित म्हणजे आमच्याकडचा बोर्डांचा आराखडा करणारा. त्याला हे नाव पडलंय कारण तो प्रत्येक उत्तराच्या आधी प्रस्तावना करतो. "हे बघ, मुळात केबल म्हणजे काय..."

मी ती उपटली. पंडितने डोळे मिटून घेतले.

मग मी बोर्डाची वीज घालवली. थोडं थांबले. परत दिली.

टक्.

बोल्ट आत गेला आणि लगेच बाहेर आला. पापणी लवली असती तर दिसला नसता. पुन्हा दिली. टक्. पंडितने डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रस्तावनेशिवाय बोलला. "आयला!"

"या तारेवर खाली ओढणारा रेझिस्टर का नाही?" मी विचारलं.

"जागा नव्हती," पंडित म्हणाला. "आणि मेंदू सांगतोच ना, म्हटलं. बाकी कोण कशाला सांगायला पाहिजे?"

"मेंदू उठल्यावर सांगतो. उठायच्या आधी?"

पंडितने केबलकडे बघितलं, तिने आपल्याला दगा दिल्यासारखं.

आवाज ऐकून साहेब आले. साहेब देहाने भरभक्कम आणि स्वतःच्या मालाबद्दल फार हळवे. त्यांनी टक् ऐकलं, दोनदा ऐकलं आणि हात झटकला. "एवढंसं! बोल्ट लगेच परत येतोय. दार कुठे उघडतंय?"

"दार कोणी ओढत नाहीये म्हणून, साहेब. त्याच वेळी कोणी ओढून धरलेलं असेल तर उघडेल."

"त्याच वेळी? वीज येण्याच्या त्याच क्षणाला? आणि ते माकडाला कळणार? काहीतरीच काय बोलता!"

"तुम्ही ओढून बघा."

टेबलाशेजारी नमुन्याचं एक दार चौकटीत बसवलेलं आहे, टेबलावरच्या बोर्डाने चालणारं कुलूप त्यालाच आहे. साहेबांनी कोट काढला, मूठ धरली आणि पाय रोवून मागे झुकले. "बघा! हलतंय का? आमचं कुलूप आहे. दोन माणसं लोंबकळली तरी..."

पंडितने वीज दिली. टक्. दार उघडलं, साहेब दार हातात घेऊन मागे गेले आणि खोक्यांच्या थप्पीत बसले. ते बराच वेळ बसून राहिले. आम्ही उठवायला गेलो तर म्हणाले, "थांबा. विचार करतोय."

विचार झाल्यावर ते म्हणाले, "बागेला आपण काय कळवलं होतं?"

"चूक माणसाची आहे."

"हं," साहेब म्हणाले. हे मात्र जागेपणीचं होतं.

उपाय म्हणाल तर तांदळाच्या दाण्याहून लहान. त्या लोंबकळत्या तारेला एक रेझिस्टर लावून तिला खाली, शून्याशी बांधून टाकायची. म्हणजे कोणी काही सांगेपर्यंत दरवानाचं उत्तर "नाही". मेंदू उठला आणि त्याने ठामपणे "सोड" म्हटलं, तरच हो. त्यात पंडितने आणखी एक सुधारणा केली. मेंदू पूर्ण जागा झाल्याशिवाय कॉइलला वीज पोचूच द्यायची नाही. जागा कुठून आली कोण जाणे, पण आली. मी तो बोर्ड केबल न लावता तपासला. एकदाही टक् झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत गेलो. साहेब, मी, आणि हातात दोन बोर्ड. आधी जुनाच बोर्ड बसवायचा, मी हट्ट धरला. अधीक्षकांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला समाधान नव्हतं. अधीक्षक आले ते डबा काखेत घट्ट धरून. त्या दिवसापासून ते डबा खाली ठेवत नाहीत. बाबा एका बाजूला उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. उगाच आशा लावायची आणि आत्याबाईंनी ऐन वेळी झोप काढायची, असं झालं तर?

"बाबा, दार लावा," मी म्हटलं.

त्यांनी ओढून घेतलं. बोल्ट अडकला. ढकलून बघितलं, पुन्हा बघितलं. आत्याबाईंना दार लावल्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणणं त्यांनी सोडूनच दिलं होतं, हे मला तिथे कळलं.

"तुम्हीही ढकलून बघा," मी अधीक्षकांना म्हटलं. त्यांनी बघितलं. बंद होतं.

मग वीजवाल्याने मुख्य वीज घालवली. पिंजऱ्यावरचा दिवा गेला, भिंतीवरचा पंखा फिरत फिरत थांबला. आत्याबाई वरच्या फळीवर अंग खाजवत बसल्या होत्या. त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसाने जिना उतरावा तशा खाली आल्या, दारापाशी गेल्या, दोन्ही हातांनी गज धरले, दोन्ही पाय चौकटीला लावले आणि सगळं अंग मागे टाकून लोंबकळल्या. आणि वाट बघत राहिल्या.

"हे काय करतेय?" अधीक्षक कुजबुजले.

"वीज यायची वाट बघतेय," मी म्हटलं.

साहेबांनी खाली बघितलं. आपण कालच असे लोंबकळलो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

जनरेटर धडधडला. दिवा लागला. टक्. दार आत उघडलं, आत्याबाई त्याच्यासोबत अर्धा फेर फिरल्या, खाली उतरल्या, बाहेर आल्या आणि कोणाकडे न बघता अधीक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केला. अधीक्षकांनी मुकाट्याने डबा दिला.

आत्याबाईंनी तिथेच बसकण मारली. झाकण उघडल्याचा तेवढा आवाज झाला.

"म्हणजे आधीच्या तिन्ही वेळा..." अधीक्षक म्हणाले.

"तिन्ही वेळा दार बंद होतं," मी म्हटलं. "कुलूप आमचं चुकलं. तपासणी माझी चुकली. बाबांचं काही चुकलं नव्हतं."

अधीक्षक बाबांकडे वळून काहीतरी म्हणायला लागले, गैरसमज, दिलगिरी वगैरे. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते दाराच्या बोल्टकडे बघत होते.

"सूनबाई, म्हणजे मी लावलं होतं?"

"हो बाबा."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मला आठवत होतं गं," ते म्हणाले. "लावलेलं आठवत होतं. लावल्यावर हिला सांगितलेलंही आठवत होतं. पण तुम्ही सगळे म्हणालात, तेव्हा म्हटलं, आपल्याला आठवतंय तेच खोटं असेल. आता कशावर विश्वास ठेवायचा, तेच कळत नव्हतं बघ."

मला रडू आलं. साहेबांसमोर, अधीक्षकांसमोर, डबा खाणाऱ्या माकडिणीसमोर मी चक्क रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

आत्याबाईंचं जेवण आटोपल्यावर बाबांनी बोट पुढे केलं. त्या बोट धरून आत गेल्या. मी नवा बोर्ड बसवला. बाबांनी दार ओढून घेतलं, घसा साफ केला आणि साऱ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्याबाई, दार लावलं हो!"

पुन्हा वीज गेली. आत्याबाई पुन्हा लोंबकळल्या. दिवा लागला, पंखा फिरायला लागला, आणि आत्याबाई लोंबकळतच राहिल्या. त्यांनी वर दिव्याकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, मग मान वळवून बाबांकडे असं काही बघितलं की बाबांनी नजर चुकवली. जाताना बाबांनी स्वतःच्या खिशातलं केळं गजांमधून आत सरकवलं. "नाराज झाली ती," म्हणाले.

साहेबांनी सगळ्या दारांचे बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं आणि बागेला नवीन पत्र पाठवलं. करडी केबल आता तपासणी सुरू होण्याआधी काढतात. घरात मी नियम केला, चहा होईपर्यंत माझं उत्तर "नाही" धरायचं. नवरा आता आधी चहा आणून देतो, माझा अर्धा पिऊन व्हायची वाट बघतो आणि मग विचारतो. जांभळ्या भिंतीबद्दल मीच त्याला विचारलं, त्याचाही चहा व्हायच्या आधी. तो "हं" म्हणाला. भिंत आता पांढरी आहे.

घराची किल्ली त्याने बाबांच्या जुडग्यात परत अडकवली. भाजीबाजाराचा विषयही काढला नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे खऱ्या आत्याबाईंकडे जायला निघालो. सगळ्यांत शेवटी बाबा बाहेर पडले. आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो, तोवर तेही मागून चालत आले, हात मागे बांधून, इकडेतिकडे बघत. कोपऱ्यावर सासूबाई सवयीने थांबल्या.

"अहो, कुलूप लावलंत ना?"

मी बाबांकडे बघितलं. गेले कित्येक दिवस ते इथूनच मागे फिरायचे. या वेळी त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"लावलं," ते म्हणाले, आणि सरळ पुढे चालायला लागले.

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, माझा रुमाल राहिला." रुमाल माझ्या हातातच होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी घरापर्यंत मागे गेले. कुलूप पक्कं लागलेलं होतं. दोनदा ओढून बघितलं, हललं नाही.

किल्ली त्यातच लटकत होती, अख्ख्या जुडग्यासकट.

मी ती काढून पर्समध्ये टाकली आणि धावत जाऊन त्यांना गाठलं.

"काय गं, लावलंय ना?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"लावलंय," मी म्हटलं.